मुरूम टाकलेला होता

अप्पा गेल्याचा फोन रफीकने केला. रफीक म्हणजे आमच्या फुटबॉल टीमचा बॅक. फोनवर बोलताना पलीकडचा माणूस मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे असं समजून ओरडायची त्याची सवय आहे. त्या सकाळी मात्र तो इतक्या हळू बोलला, की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. "गौतम, अप्पा गेले बा. पहाटंच. दुपारून काढनार हायेत, तू निघ." मी नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला मुलाकडे राहतो. सून म्हणाली, चहा घेऊन जा. तो तसाच ठेवून निघालो. एसटीत कंट्रोलर म्हणून माझी नोकरी झाली, म्हणजे गाडी कधी येणार हे लोकांना सांगण्यात आयुष्य गेलं. मुखेडला गाडी बदलायची होती. तिथे खिडकीशी जाऊन विचारलं, तर आतल्या माणसाने मी आयुष्यभर लोकांना देत आलो तेच उत्तर दिलं. "येईल." बाकड्यावर बसून राहिलो. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, ते काही आलं नाही. नुसता राग येत होता. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी अप्पांवर लिहा असं सांगितलं गेलं, म्हणून बसलो आहे. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर चार जणांचे फोन येतील, की तुमच्या अप्पांचं बरं लिहिलंत, आमच्या आबांचं का नाही? लातूर जिल्ह्यातलं, पण नांदेडच्या बाजूला झुकलेलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तिथे विश्वनाथअप्पांचं कापडाचं दुकान होतं. घर लिंगायतांचं, व्यवहार चोख, कपाळावर भस्म, आणि डोक्यात सकाळ-संध्याकाळ फुटबॉल. गंमत अशी की अप्पांना स्वतःला फुटबॉल खेळता यायचा नाही. देह भारदस्त, तळवे सपाट. जरा धावले की कमरेवर हात ठेवून उभे. लहानपणी वडिलांबरोबर कापड आणायला हैदराबादला गेले, तिथे कुठल्याशा मैदानावर एक मॅच बघितली, आणि घरी येताना कापडाच्या गाठीत एक चामड्याचा बॉल घालून आणला. वडिलांनी काय केलं असेल ते सांगायला नको. पण बॉल राहिला. पुढे त्या बॉलभोवती क्लब झाला, 'न्यू ब्रदर्स फुटबॉल क्लब'. ओल्ड ब्रदर्स कोण होते, हे कुणी विचारलं की अप्पा म्हणायचे, "ते हारून घरी गेले."

क्लब म्हणजे काय, तर अप्पांचं दुकान आणि आम्ही. मी बौद्धवाड्यातला, गोलकीपर. रफीक आणि शब्बीर मोमीनपुऱ्यातले, दोघे पेठेतले, एक पोलिसाचा मुलगा, असे मिळून अकरा. बारावा मिळाला तर सणच. बूट सगळ्यांना कधीच पुरले नाहीत, म्हणून एक जोड दोघांत वाटायची. उजव्या पायाने मारणाऱ्याला उजवा बूट, डावखुऱ्याला डावा, आणि उरलेल्या पायाला फडकं गुंडाळायचं. बाहेरगावचे लोक आमचा वॉर्मअप बघून हसायचे. शर्ट दुकानातले, पण दुकानात जे खपलं नाही त्याचे. एका वर्षी गुलाबी अस्तराचं कापड अंगावर पडलं होतं, तर त्या वर्षी न्यू ब्रदर्स गुलाबी. शब्बीर म्हणाला, "अप्पा, लगीनघरातल्या करवल्या दिसून राहिलो आमी." अप्पा म्हणाले, "गोल मार, मग कोन बी नवरदेव म्हनंल." बाहेर खेळायला जायचं असलं की आदल्या बाजारी चार जणांनी चादरीची चार टोकं धरून पेठेतून फिरायचं. कुणी नाणी टाकायचा, कुणी गुळाचा खडा. एका आडत्याने तुरीची डाळ ओतली, ती कंडक्टरने गाडीत घेतली आणि भाड्यातून वजा केली. प्यायच्या पाण्याचा माठ एकच असे, आणि तो अप्पांच्या घरून यायचा. त्या काळात त्या माठातून आम्ही सगळे पितो म्हणून पेठेत कुजबुज व्हायची. अप्पांना ती ऐकू येत नसे. ऐकू न येण्याची ती कला त्यांना पुढेही पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडली.

मैदान होतं पोलीस लाईनीच्या मागे. सरकारी पडीक जमीन, निजामाच्या काळात तिथे घोडे बांधायचे म्हणत. जागा ऐसपैस, पण माती काळी. काळ्या मातीवर फुटबॉल खेळायचा म्हणजे काय, हे ज्याने खेळला त्यालाच कळेल. पावसाळ्यात पाय वर निघत नाही, आणि उन्हाळ्यात जमिनीला हातभर भेगा. अशाच एका भेगेत शब्बीरचा पाय अडकला. बॉल पुढे गेला, शब्बीर पुढे गेला, घोटा मागे राहिला. हाड मोडल्याचा आवाज मी गोलमधून ऐकला. आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू तो. त्यानंतर तो लाईनीवर बसून शिव्या द्यायचं तेवढं काम करायचा. अप्पांनी त्या दिवशी मैदानाच्या मधोमध उभं राहून चपलेने माती उकरली आणि म्हणाले, "हितं मुरूम पायजे. येक थर मुरूम पडला की हे मैदान हैदराबादला भारी हाय." मुरुमाचा भाव काढला, गाड्यांचा काढला, माणसांचा काढला. चादर घेऊन आम्ही जन्मभर फिरलो असतो तरी ते जमलं नसतं. मग अप्पांनी तो विषय सोडला, आणि आम्ही भेगा चुकवून खेळायला शिकलो.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी वेगळं काय सांगू... घरात रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, मिलोची, लाल भाकरी, आणि आई सकाळी दुष्काळी कामावर. खडी फोडायची, नाला बांधायचा. आमच्या भागातल्या कामांवर नरसिंगराव नावाचे ओव्हरसियर होते. सरळ माणूस. हजेरीपटावर खोटं नाव चढू द्यायचे नाहीत, बायांची मजुरी हातात पडेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. त्यांचं क्वार्टर मैदानाला लागून होतं, आणि संध्याकाळी ते लुंगीवर येऊन आमची प्रॅक्टिस बघत. गावाजवळची कामं संपत आली होती, बायांना आता दोन-दोन कोस चालत जावं लागणार होतं. अप्पांनी तेव्हा विषय काढला. माणसं रिकामी आहेत, मुरूम टेकडीवर आहे, मैदान इथे आहे, करून टाकू. नरसिंगराव म्हणाले, "अप्पा, मैदान असं काम मंजूर होत नाही. तलाव होतो, नाला होतो, रस्ता होतो. मुरूम टाकायचा तर तो रस्त्यालाच टाकता येतो." अप्पा क्षणभरही थांबले नाहीत. "मग रस्ता लिवा की. बायांना काम, आमाला मुरूम. कागदावर काय का असंना, कागदावर कोन खेळायलंय?" सगळे हसले. नरसिंगरावही हसले, दोन दिवस विचारात पडले, आणि त्यांनी काम मंजूर करून आणलं. बाजारवेशीपासून नांदेड रस्त्यापर्यंतचा जोडरस्ता. आमच्याकडे तेव्हा समज असा, की कागद सरकारला वाचायला असतो आणि जमीन आपल्याला वापरायला. दोन्ही कधी एकमेकांना भेटतील, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

त्या कामावर माझी आई होती. रफीकची खाला होती. अर्धा बौद्धवाडा होता. टेकडीवरून टोपल्यांनी मुरूम आणायचा, पसरायचा, धुमुसाने ठोकायचा. पैशाची अफरातफर कुणी केली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. माणसं खरी, घाम खरा, मजुरी खरी, मुरूमही खरा. खोटं होतं ते फक्त कामाचं नाव. दुपारी सरकारी सुकडी, म्हणजे गोडसर पौष्टिक पीठ, वाटायचे, ती खाऊन बाया मैदानाच्या कडेला लिंबाखाली पडायच्या. अप्पा दुकान भावावर टाकून तिथेच असायचे. हे कसलं काम चाललंय, असं आईने विचारलं, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, "मावशे, तुज्या पोराचे गुडघे फुटू नयेत म्हनून चाललंय." आईने त्या दिवशी एक टोपली जास्त टाकली, असं ती सांगायची. मैदान तयार झालं. तांबडं, सपाट, टणक. चपला काढून आम्ही त्यावर नुसते चाललो. शब्बीर कुबडी घेऊन आला होता, त्याला दोघांनी धरून मधोमध नेलं.

पुढची दहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. बाकीचं काय सांगणार, नोकरी केली, लग्न केलं, सगळेच करतात. पण त्या मैदानावर आम्ही स्पर्धा भरवल्या. नांदेडच्या, बीदरच्या टीम यायच्या, शाळेच्या खोल्यांत उतरायच्या, आणि त्यांचं जेवण अप्पांच्या घरी. अप्पांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भाकरी थापता थापता म्हणायच्या, "दुकानात कापड राहिलं का बघा, का तेबी वाढलं पाहुन्याला?" आया-बाया मॅच बघायला यायच्या, खेळ कुणाला कळत नसे. माझी आई कॉर्नरपाशी बसायची, आणि कुणी तिथे टाच घासली की ओरडायची, "हितला मुरूम म्या टाकलाय, नीट खेळ की." दुष्काळात केलेल्या त्या कामाचा तिला फार अभिमान होता. खडी फोडली ती कुठल्या रस्त्यात गेली कोण जाणे, पण हे डोळ्यांसमोर होतं.

मग लातूर जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबादचे. जिल्ह्याच्या टीमच्या निवडीला जायचं तर दोन गाड्या बदलायच्या, रात्र स्टँडवर काढायची, आणि तिथे गेल्यावर निवड काल झाली म्हणून कळायचं. नव्या जिल्ह्याचा सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल, तर अप्पांना. दुकानात आलेल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा. म्हणाले, "आता जिल्हा आपला. लीग होनार, आपलं मैदान जिल्ह्यात येक नंबर. साहेब लोक नवे हायेत, त्यांना काय तरी करून दाखवायचंच हाय." हे शेवटचं वाक्य मात्र अगदी खरं ठरलं. नवे साहेब आले, त्यांनी तालुक्या-तालुक्यातले रस्ते तपासायला घेतले, आणि आमच्या गावच्या नकाशावर त्यांना एक जोडरस्ता सापडला. दुष्काळात मातीकाम आणि मुरूम पूर्ण, पुढे डांबरीकरण राहिलेलं. अर्धवट काम. नव्या जिल्ह्याने पहिल्याच वर्षी ते मंजूर केलं. एका सकाळी प्रॅक्टिसला गेलो, तर पेनल्टीच्या ठिपक्यापासून समोरच्या कॉर्नरपर्यंत खुंट्या ठोकलेल्या होत्या. रफीकने एक उपटली. मोजणीवाला शांतपणे म्हणाला, "ठोका, उपटा, काय बी करा. नकाशात हाय."

अप्पांनी अर्ज केला. चार महिने खेटे घातले, तालुक्याला, मग लातूरला. अखेर जे प्रांतसाहेब सुनावणीला येणार होते, ते तरुण होते आणि, हेच मला आजही सहन होत नाही, ते भले होते. मैदान बघून गेले होते. त्यांनी अप्पांना आधीच सांगितलं, "रस्ता पोलीस लाईनीच्या मागून वळवता येईल. मी वळवतो. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की या जागेवर रस्त्याचं काम कधी झालंच नव्हतं." सुटकेची वाट उघडी होती, फक्त तिच्यातून नरसिंगराव दिसत होते. काम झालंच नाही म्हटलं, की मग दुष्काळातली ती मजुरी कशाची दिली? हजेरीपटावर सही कुणाची? नरसिंगराव त्या वेळी लातूरला बदलून आले होते, निवृत्तीला काही महिने उरले होते. चौकशी लागली असती तर पेन्शन अडकली असती, कदाचित त्याहूनही वाईट. जे लिहून मागितलं होतं ते वरवर खरंच होतं. रस्ता झाला नव्हता, सगळ्या गावाला माहीत होतं.

अप्पा मला घेऊन नरसिंगरावांकडे गेले. भाड्याचं घर, ओसरीत मुलीच्या लग्नाची भांडी मांडलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, हात जोडतील, नाही तर चिडतील. दोन्ही केलं नाही. म्हणाले, "अप्पा, जे आहे ते सांगा. मी अडवणार नाही. मी सही केली तेव्हा मला माहीत होतं मी काय करतोय." मग चहा आला, आणि चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "तो डावा बूट घालणारा पोरगा, तो अजून खेळतो का?" परतीच्या गाडीत अप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते. चाकूर गेल्यावर माझ्याकडे वळले. "त्यांनी पाय धरले असते ना गौतम, तर बरं झालं असतं. मग म्या तोडून बोललो असतो. ते तर सांगा म्हनले..." घरी येऊन मी हे आईला सांगितलं. तिची वेगळीच तक्रार. "काम झालंच न्हाई म्हनं. मग आमी उन्हात टोपल्या काय कागदावर वाह्यल्या का? अप्पाला म्हनावं, मैदान जाऊ दे न्हाई तर राहू दे, आमची मजुरी खोटी म्हनू नका."

सुनावणी तहसीलच्या जुन्या खोलीत झाली. आम्ही सगळे दाराशी उभे. शब्बीरही आला होता. प्रांतसाहेबांनी कारकुनाला लिहायला सांगितलं आणि अप्पांकडे वळून, अगदी हळू, जवळजवळ विनवणीच्या सुरात विचारलं, "विश्वनाथअप्पा, विचार करून सांगा. या जागेवर रस्त्याचं काम झालं होतं की नव्हतं?" अप्पा उभे राहिले. खांद्यावरचं उपरणं एकदा काढलं, परत टाकलं. बाहेर कुणाची तरी सायकल पडली, तो आवाज मला अजून आठवतो. मग अप्पा म्हणाले, "मुरूम टाकलेला होता, साहेब." साहेबांनी पुन्हा विचारलं. अप्पांनी तेच पुन्हा सांगितलं. खोटं बोलले नाहीत. कारकुनाने लिहून घेतलं, काम अस्तित्वात. अप्पा आमच्यामधून वाट काढत बाहेर गेले, थेट दुकानात जाऊन गादीवर बसले, आणि गिऱ्हाइकाला खण दाखवायला लागले.

मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर अजूनही येतो, मुखेडच्या बाकड्यावर आला होता तो तोच असावा. रफीक म्हणतो, त्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? मला उत्तर देता येत नाही, आणि उत्तर देता येत नाही म्हणून जास्त राग येतो. अप्पांनी मैदान विकलं नाही, गमावलं नाही, कुणाला दिलंही नाही. त्यांनी एक खरं वाक्य म्हटलं, आणि मैदान गेलं. याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. नरसिंगराव सुखरूप निवृत्त झाले, मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, अप्पा जाऊन आले. लग्नात दोघे एकमेकांशी काय बोलले असं मी विचारलं, तर म्हणाले, "जेवन चांगलं होतं."

रस्ता मैदानाच्या मधून तिरका गेला. दोन्ही बाजूंना जे तुकडे उरले त्यांत फुटबॉल काय, गोट्याही धड खेळता आल्या नसत्या. वर्षा-दोन वर्षांत तिथे टपऱ्या आल्या, मग पक्की दुकानं. त्याच सुमाराला जिल्ह्याची लीग सुरू झाली, अप्पांना हवी होती अगदी तशी. पण भाग घ्यायचा तर क्लबला मैदान दाखवावं लागे. काही दिवस शाळेचं मैदान वापरलं, शाळेने कुंपण घातलं. मग तळ्याच्या कोरड्या पात्रात खेळलो, पाणी आल्यावर तेही संपलं. चांगले दोघे-तिघे नांदेडच्या क्लबांकडे गेले, मी नोकरीत बदलून गेलो. न्यू ब्रदर्स कधी बंद झाला असा दिवस सांगता येणार नाही. एके वर्षी अप्पांनी शर्टाचं कापड बाजूला काढून ठेवलं आणि ते न्यायला कुणी आलं नाही.

त्या रस्त्याला नावं ठेवायची तर तेही धड जमत नाही. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षी मी गावी गेलो होतो. टँकर त्याच रस्त्याने यायचे, दुकानांपुढे घागरींची रांग, आणि त्या रांगेत आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया. मी दुकानात बसून म्हणालो, "बगा अप्पा, तुमच्या मैदानावर काय गर्दी जमलीय." वाईट बोललो. पण अप्पांना लागलं नाही, का लागू दिलं नाही, कोण जाणे. म्हणाले, "टँकर जुन्या गल्लीतून आला नसता गौतम. हे बी खरंच हाय." मग उठून त्यांनी मला स्टँडवर सोडायला येतो म्हटलं. दुकानातून स्टँड त्या रस्त्याने पाच मिनिटांवर. अप्पा मात्र उलट्या बाजूने, कासारगल्लीतून, मशिदीला वळसा घालून निघाले. ऐंशीकडे झुकलेला माणूस, धाप लागत होती, मध्येच एका ओट्यावर टेकले. तेव्हा मला कळलं, की डांबर पडल्यापासून त्या रस्त्यावर त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. बँक त्याच रस्त्यावर, दवाखानाही तिथेच, तरी सगळीकडे मागच्या गल्ल्यांतून, असं रफीकनेही पुढे सांगितलं. बोलत बोलत आम्ही गल्लीतून गेलो. ती आमची शेवटची भेट.

मी पोहोचलो तेव्हा अप्पांना विमानात, म्हणजे आमच्याकडे लिंगायतांत अंत्ययात्रेला सजवतात त्या पालखीत, बसवलेलं होतं. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, कपाळावर भस्म. मांडी घालून बसलेले अप्पा दुकानातल्या गादीवर बसल्यासारखेच दिसत होते. त्यांचं शेत नांदेड रस्त्याच्या पलीकडे, माती तिथेच द्यायची होती. मुलगा शिवराज पुढे उभा होता. मी त्याच्या जवळ गेलो आणि कानाशी लागून म्हणालो, "शिवराज, नव्या रस्त्यानं नको नेऊ रे. गल्लीतून ने. लांब पडलं तर पडू दे." शिवराजने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, "काका, मला काय ठाव न्हाई का? सकाळीच कासारगल्लीत जाऊन माप घेऊन आलो. इमान मावत न्हाई. वरी बाल्कन्या, खाली मोटारसायकली... कुनाकुनाला हटवू?"

उचललं. टाळ वाजायला लागले, आणि विमान बाजारवेशीतून त्या रस्त्याला लागलं. मी बाजूने चाललो होतो. पेनल्टीचा ठिपका कुठे होता ते मला मोबाइलच्या दुकानावरून ओळखता येतं. तिथून पुढे गोल... मी मान खाली घातली. रफीक माझ्या शेजारी होता. त्याने वर विमानाकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू दे. डोळे मिटलेत त्यांचे."

माती दिली, नमस्कार केला. येताना सगळे रस्त्यानेच निघाले, रिक्षा उभ्या होत्या. मी नांदेड रस्त्यावर थोडं पुढे गेलो आणि मशिदीच्या बाजूने कासारगल्लीत वळलो. मागून काठीचा आवाज आला. रफीक. आता त्याचे दोन्ही गुडघे गेले आहेत, घरात जिना चढताना त्याला नातू धरतो.

"लांब पडंल तुला," मी म्हणालो.

"हाव, पडंल," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागला.